जलनगरी बँकॉक

थायलंड देशाच्या भाषेत नदीला ‘मे नाम’ असे म्हणतात. ‘मे’ म्हणजे आई आणि ‘नाम’ म्हणजे पाणी. नदी ही पाण्याची आई होय, ही कल्पना नद्यांना लोकमाता मानणाऱ्या आपल्या लोकांना परकी वाटण्याचे कारण नाही. अशाच एका मातेच्या काठी, चाओ फ्राया नदीच्या तीरावर, थायलंडची राजधानी बँकॉक वसलेली आहे. ही नदी देशाच्या मध्यभागातील विस्तीर्ण भातखाचरांतून दक्षिणेकडे वाहत येते आणि बँकॉक मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते. मुखाजवळचा हा प्रदेश अगदी सपाट आहे. शहराची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी अवघी दीड मीटर उंच आहे. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाच्या उंचीइतकीच! अशा सखल भूमीवर शहर वसवायचे तर पाण्याशी सख्य करूनच राहिले पाहिजे. बँकॉकची शोभा, तेथील लोकांचे खेळ, त्यांचे सण आणि त्यांच्यावर आलेली संकटेही या पाण्याशीच बांधलेली आहेत.

हे नगर फार प्राचीन नाही. थाई लोकांची जुनी राजधानी अयुत्थया ही १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. त्यानंतर काही वर्षे नदीच्या पश्चिम तीरावरील थोनबुरी येथून राज्याचा कारभार चालला. १७८२ साली पहिला राम या राजाने पूर्व तीरावर नवी राजधानी उभारण्यास प्रारंभ केला. नदीने येथे मोठे वळण घेतले आहे. त्या वळणाच्या आत राजवाडा बांधण्यात आला आणि उरलेल्या बाजूने खंदकाप्रमाणे कालवे खणण्यात आले. अशा रीतीने चहूंकडून पाण्याने वेढलेले एक बेटच तयार झाले. जुने बँकॉक ते हेच.

जगात हे नगर बँकॉक या नावाने ओळखले जात असले, तरी थाई लोक त्याला ‘क्रुंग थेप’ म्हणजे ‘देवांचे नगर’ असे म्हणतात. हे त्याच्या नावाचे केवळ पहिले दोन शब्द होत. संपूर्ण नाव रोमन लिपीत लिहिण्यास १६८ अक्षरे लागतात. स्थळाचे इतके लांबलचक नाव जगात दुसरे नाही! त्या नावातील बहुतेक शब्द संस्कृत आणि पाली या भाषांतून आलेले असल्यामुळे मराठी मुलाला त्यांतील अनेक ओळखीचे वाटतात. महानगर, अमर, रत्न, अयोध्या, नवरत्न, राजधानी, रम्य, उत्तम, विमान, अवतार हे शब्द थाई उच्चारांचा वेष घेऊन त्यात बसलेले आहेत. इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने रचलेली नगरी असा त्या नावाच्या शेवटच्या भागाचा आशय आहे. परदेशी पाहुणा प्रथम ज्या विमानतळावर उतरतो, त्याचेही नाव सुवर्णभूमी असे आहे. २००६ साली सुरू झालेल्या या विमानतळावर देव आणि दानव वासुकी नागाची दोरी करून समुद्र घुसळीत आहेत, असे एक भव्य शिल्प उभारलेले आहे.

शहरात आलेला प्रवासी प्रथम राजवाडा पाहण्यास जातो. उंच पांढऱ्या तटाच्या आत सोनेरी शिखरे, हिरव्या-नारिंगी कौलांची उतरती छपरे आणि रंगीत काचांनी मढविलेले खांब उन्हात लखलखत असतात. राजवाड्याच्या आवारातच ‘वाट फ्रा केओ’ हे मंदिर आहे. थाई भाषेत मंदिराच्या किंवा विहाराच्या आवाराला ‘वाट’ म्हणतात. मराठीतील ‘वाट’ या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. या मंदिरात हिरव्या पाषाणात घडविलेली बुद्धमूर्ती आहे. तिची उंची सुमारे ६६ सेंटिमीटर आहे. मूर्ती लहान असली, तरी साऱ्या देशाची ती पूज्य देवता आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन ऋतू बदलले की मूर्तीची सुवर्णवस्त्रेही बदलण्यात येतात आणि हा विधी प्रथेप्रमाणे स्वतः राजा पार पाडतो.

या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकथा चित्रित केलेली आहे. थाई लोक तिला ‘रामकियेन’ म्हणतात. एकूण १७८ चित्रे क्रमाने पाहत गेले म्हणजे सारी कथा डोळ्यांसमोरून सरकते. शुभ्र वर्णाचा हनुमान, दहा मुखांचा रावण आणि वानरांची सेना ही सर्व मंडळी येथे थाई अलंकार आणि थाई मुकुट धारण करून वावरतात. कथा आपल्या परिचयाची. परंतु तिचे रूप अगदी वेगळे. एका देशाची कथा दुसऱ्या देशाने आपलीशी केली म्हणजे ती किती निराळ्या तऱ्हेने नटते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

राजवाड्याच्या दक्षिणेस ‘वाट फो’ हे मंदिर आहे. तेथे महानिर्वाणाच्या स्थितीत पहुडलेल्या बुद्धाची ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच अशी सोनेरी मूर्ती आहे. तिच्या तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हे जडविलेली आहेत. मूर्तीमागच्या ओळीत कांशाची १०८ भांडी मांडलेली असतात. भाविक एकेका भांड्यात एकेक नाणे टाकीत जातात आणि त्या मंद किणकिणाटाने सारा मंडप भरून राहतो.

या मंदिरातील आणखी एक गोष्ट आवर्जून पाहण्यासारखी आहे. तिसरा राम हा राजा १८२४ ते १८५१ या काळात राज्य करीत होता. त्याने वैद्यक, काव्य, इतिहास इत्यादी विषयांतील ज्ञान दगडी पाट्यांवर कोरवून या मंदिराच्या भिंतींत बसविले. त्या काळी पोथ्या थोड्या आणि त्याही थोरांच्या घरी. भिंतीवरचा लेख मात्र येणाराजाणारा कोणीही वाचू शकत असे. शरीराला विविध प्रकारे ताण देणाऱ्या ऋषींच्या दगडी प्रतिमाही बागेत मांडलेल्या आहेत. थाई लोकांची अंगमर्दनाची विद्या या मंदिरात आजही शिकविली जाते. त्या विद्येचे आद्य गुरू म्हणून थाई लोक बुद्धकालीन भारतीय वैद्य जीवक याचे स्मरण करतात.

वाट फोजवळच्या धक्क्यावरून लहानशा नावेने पलीकडच्या तीरावर गेले की ‘वाट अरुण’ लागते. सूर्याचा सारथी जो अरुण, त्याचे नाव या मंदिराला दिलेले आहे. त्याच्या उंच शिखरावर चिनी मातीच्या बश्यांचे आणि शिंपल्यांचे असंख्य तुकडे बसवून फुलापानांची नक्षी केलेली आहे. फुटक्या बशीचेही फूल होऊ शकते, ही गोष्ट तेथील कारागिरांनी शिखरभर लिहून ठेवली आहे! सायंकाळी नदीच्या पूर्व तीरावर बसून या शिखरामागे मावळणारा सूर्य पाहणे हा बँकॉकमधील एक आनंद समजला जातो आणि त्यासाठी कोणाला कवडीही मोजावी लागत नाही.

नदीवरचा प्रवास हीच येथे एक सहल आहे. प्रवासी नावा एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्याकडे सारख्या धावत असतात. त्यांतून शाळेची मुले, कचेरीत जाणारे नोकर, भिक्षापात्र घेतलेले भगव्या वस्त्रांतील भिक्षू आणि छायाचित्रे घेणारे परदेशी पाहुणे एकत्र प्रवास करतात. नदीच्या पश्चिमेकडील एका कालव्यावर राजनौकांचे संग्रहालय आहे. त्यातील ‘सुफन्नहोंग’ म्हणजे सुवर्णहंस नावाची नौका १९११ सालची आहे. ती सुमारे ४५ मीटर लांब असून सागवानाच्या एकाच प्रचंड खोडातून कोरून काढलेली आहे. तिला वल्हविण्यास ५० नावाडी लागतात. दुसऱ्या एका नौकेच्या अग्रभागी गरुडावर आरूढ झालेला नारायण आहे. मोठ्या राजसमारंभाच्या वेळी या नौकांचा ताफा नदीतून मिरवीत जातो आणि नावाड्यांच्या गाण्याच्या तालावर शेकडो वल्ही एकदम पाण्यात पडतात.

एके काळी बँकॉकमध्ये जवळजवळ सर्वच वाहतूक पाण्यावरून चाले. थाई भाषेत कालव्याला ‘ख्लोंग’ म्हणतात. अशा असंख्य ख्लोंगांच्या काठी लाकडी घरे होती. दारापुढे नाव बांधलेली असे आणि बाजारही नावांतूनच भरे. म्हणूनच युरोपीय प्रवाशांनी या शहराला ‘पूर्वेकडील व्हेनिस’ असे नाव दिले. मग येथे रस्ते आले कसे? याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १८६१ साली युरोपीय वकिलातींतील मंडळींनी राजाकडे अर्ज केला. त्यात असे म्हटले होते की, संध्याकाळी घोड्यावरून किंवा गाडीतून फेरफटका मारण्यास या शहरात जागा नाही आणि त्यामुळे आमच्या प्रकृती बिघडतात. त्या वेळी चौथा राम म्हणजे मोंगकुट हा राजा गादीवर होता. त्याने अर्ज मान्य केला आणि नव्या पद्धतीचा पहिला मोठा मार्ग बांधविला. त्याचे नाव चरोएन क्रुंग. हा मार्ग १८६४ साली पूर्ण झाला. फेरफटक्याच्या हौसेतून बँकॉकचे रूप पालटण्यास असा प्रारंभ झाला.

पुढे घोडागाड्या आल्या, ट्रामगाड्या आल्या, मागाहून मोटारी आल्या. गाड्यांना रुंद रस्ते हवे असतात. विसाव्या शतकात एकामागून एक कालवे बुजविण्यात आले आणि त्यांवर रस्ते झाले. लोकसंख्या वाढली, उंच इमारती उठल्या. आज महानगराच्या परिसरात एक कोटीहून अधिक लोक राहतात. रस्त्यांवर मोटारींची एवढी दाटी झाली की अखेर डोक्यावरून धावणारी रेल्वे १९९९ साली आणि जमिनीखालून धावणारी रेल्वे २००४ साली सुरू करावी लागली.

कालवे बुजविल्यामुळे रस्त्यांची सोय झाली. परंतु पाण्याची वाट अडली. हे शहर मऊ चिकणमातीवर वसलेले आहे. भूगर्भातील पाणी वर्षानुवर्षे उपसल्यामुळे त्याची जमीनही खचत गेली. २०११ साली चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात महापूर आला. देशात आठशेंहून अधिक माणसे दगावली. बँकॉकचे बाहेरचे विभाग कित्येक आठवडे पाण्याखाली राहिले. शहराचा जुना विमानतळ डॉन मुआंग हा ऑक्टोबरमध्ये बंद पडला, तो पुढल्या वर्षीच्या मार्च महिन्यातच पुन्हा सुरू झाला. ज्या पाण्याला शहराने विसरावे, त्याने शहराला आपली आठवण अशी करून दिली.

सर्वच कालवे नाहीसे झाले असे मात्र नव्हे. १८३७ ते १८४० या काळात खणलेला ‘सेन सेप’ हा लांब कालवा आजही वाहता आहे. १९९० सालापासून त्यावर प्रवासी नावा चालतात. रस्त्यावरच्या मोटारी खोळंबून उभ्या असताना या नावा सुसाट निघून जातात. समोरून दुसरी नाव आली की पाण्याचे तुषार उडतात. तेव्हा कडेचे प्रवासी चटकन दोरी ओढून मेणकापडाचा पडदा वर करतात. पूल ठेंगणा असला की नावेचे छप्परच खाली घेतात! नवख्या प्रवाशाला ही सफर एखाद्या खेळासारखी वाटते. तेथील लोकांचा मात्र तो नित्याचा मार्ग आहे.

आता बँकॉकच्या लोकांचे खेळ पाहू. राजवाड्याच्या उत्तरेस ‘सनाम लुआंग’ नावाचे विशाल मैदान आहे. मे महिन्यात येथे राजाच्या वतीने बैलांची जोडी जुंपून नांगरणीचा विधी होतो आणि भातपेरणीच्या हंगामाला आरंभ होतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जो वारा सुटतो, तो पतंगांचा वारा होय. पतंगांचा खेळ या मैदानाशी परंपरेने जोडलेला आहे. आपल्याकडे एकमेकांचा मांजा काटण्यात पुरुषार्थ मानतात. थाई खेळाची रीत निराळी आहे. ‘चुला’ हा पाच टोकांचा प्रचंड पतंग. तो उडविण्यास कित्येक माणसे लागतात. ‘पाकपाओ’ हा लहान, चौकोनी आणि लांब शेपटीचा पतंग. मैदानाचे दोन भाग केलेले असतात. चुलाने पाकपाओला पकडून आपल्या हद्दीत ओढून आणावे आणि पाकपाओने चुलाला दोरीच्या फासात गुंतवून आपल्या हद्दीत पाडावे, असा हा सामना असतो. लहानग्या पाकपाओने अवाढव्य चुलाला खाली आणले म्हणजे बघ्यांच्या आनंदाला सीमा राहत नाही.

‘ताक्रॉ’ हा दुसरा लोकप्रिय खेळ. वेताच्या विणलेल्या चेंडूला हात न लावता तो पाय, गुडघे आणि डोके यांच्या साहाय्याने हवेत उडवीत ठेवावयाचा. मुले मोकळ्या जागी रिंगण करून हा खेळ खेळतात. जाळीच्या दोन बाजूंना तीन-तीन गडी उभे राहिले की त्याचाच ‘सेपाक ताक्रॉ’ होतो. १९९० सालापासून आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला स्थान आहे आणि २०१८ साली भारतीय खेळाडूंनीही त्यात कांस्यपदक मिळविले.

वाट सुथाट या मंदिरासमोर लाल रंगाचे दोन उंच खांब आणि त्यांवर नक्षीदार आडवे तुळवट दिसते. हा बँकॉकचा प्रसिद्ध महाझोपाळा. पूर्वी ब्राह्मणांच्या एका वार्षिक उत्सवात तरुण या झोपाळ्यावर चढून उंच झोके घेत आणि वेळूच्या टोकाला टांगलेली नाण्यांची पिशवी दातांनी पकडीत. या साहसात अपघात होऊ लागल्यामुळे १९३५ साली तो प्रकार बंद करण्यात आला. जुने खांब जीर्ण झाले, तेव्हा २००७ साली सागाच्या नव्या खांबांवर तो पुन्हा उभारण्यात आला. आज त्याला झोका नाही. परंतु शहराची खूण म्हणून लोकांनी तो जपला आहे.

मोठ्या शहरात मोकळा श्वास घेण्यास जागा पाहिजे. सहाव्या रामाने, म्हणजे वजिराव्रुध राजाने, आपल्या मालकीची विस्तीर्ण जमीन १९२५ साली एका प्रदर्शनासाठी दिली. त्याच वर्षी राजाचे निधन झाले आणि प्रदर्शन भरलेच नाही. त्या जागेवर पुढे सार्वजनिक उद्यान झाले. बुद्धाच्या जन्मस्थानावरून त्याला ‘लुंफिनी’ म्हणजे लुंबिनी असे नाव देण्यात आले. भल्या पहाटे तेथे वृद्ध मंडळी संथ लयीत व्यायाम करतात. संध्याकाळी तरुण धावतात, मुले तळ्यात नावा चालवितात. तळ्याच्या काठी घोरपडीच्या कुळातील मोठमोठे प्राणी निर्भयपणे हिंडत असतात. सायंकाळचे सहा वाजले की राष्ट्रगीताचे सूर ऐकू येतात. त्यासरशी धावणारे, खेळणारे, गप्पा मारणारे सर्व जण जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात आणि गीत संपताच पुन्हा सारे उद्यान हालू-बोलू लागते.

महापुराने शिकविलेला धडा पुढील काळातील उद्यानांत दिसून येतो. चुलालोंगकोर्न विद्यापीठाने शहराच्या मध्यभागी असलेली आपली अतिशय मोलाची जमीन इमारतींसाठी न वापरता उद्यानासाठी दिली. ते उद्यान २०१७ साली खुले झाले. कोचाकोर्न वोराआखोम या स्थापत्यविशारद महिलेने त्याची रचना केली. सारे उद्यान एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला सखल आहे. पावसाचे पाणी हिरवळीवरून, पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून गाळले जात सावकाश खाली येते आणि तळ्यात साठते. सुमारे ३८ लाख लिटर पाणी हे उद्यान आपल्या पोटात घेऊ शकते. तळ्यात एका जागी बसविलेल्या सायकली आहेत. मुले त्यांचे पायटे मारू लागली की पाणी घुसळले जाते, त्यात हवा मिसळते आणि ते नासत नाही. मुलांचा खेळ होतो आणि पाण्याची सेवाही होते!

दुसरे उदाहरण बेंजाकिटी उद्यानाचे. तेथील मोठ्या जमिनीवर सरकारी तंबाखूचा कारखाना होता. कारखाना शहराबाहेर गेल्यावर त्या जागी वृक्ष, बेटे आणि पाणथळ जागा यांचे एक वनच तयार करण्यात आले आणि २०२२ साली ते लोकांसाठी उघडले. पाडलेल्या बांधकामाचे काँक्रीट टाकून न देता तेथेच वापरले. झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा दीड किलोमीटरहून अधिक लांबीचा उंच पादचारी मार्ग तेथे आहे. त्यावरून चालताना खाली पाण्यात बगळे दिसतात आणि पलीकडे काचेच्या गगनचुंबी इमारती दिसतात. जेथे सिगारेटी तयार होत, तेथे आता माणसे शुद्ध हवा घेतात.

खरेदी आणि खाणे यांची हौस पुरविण्यासही बँकॉक प्रसिद्ध आहे. शनिवारी आणि रविवारी चतुचक येथे भरणाऱ्या बाजारात सुमारे १५,००० दुकाने असतात. हा बाजार पूर्वी सनाम लुआंग मैदानावर भरत असे. १९८२ साली तो येथे हलविला. यावरात या चिनी वस्तीत दिवेलागण झाली की पदपथांवर चुली पेटतात. शेवया, भाजलेले मासे, तऱ्हेतऱ्हेची फळे यांनी गाड्या भरून जातात. आंब्याच्या दिवसांत नारळाच्या दुधात मुरविलेला चिकट भात आणि पिकलेला आंबा एकत्र वाढतात. कोकणातील मुलाला तो पदार्थ नवा असूनही त्यातील आंबा, नारळ आणि भात हे तिन्ही मात्र घरचेच वाटतील.

या वस्तीच्या जवळच फाहुरात हा भारतीय कापडव्यापाऱ्यांचा बाजार आहे. त्याला लागून ‘ओंग आंग’ नावाचा कालवा वाहतो. जुन्या बेटाभोवती जे कालवे खणले, त्यांपैकीच हा एक. ‘ओंग’ म्हणजे रांजण आणि ‘आंग’ म्हणजे पसरट भांडे. येथे मातीच्या भांड्यांचा व्यापार चाले, म्हणून हे नाव पडले. पुढे या कालव्यावरच छपरे घालून खेळण्यांची आणि इतर वस्तूंची दुकाने थाटण्यात आली. खाली पाणी आहे, हेही दिसेनासे झाले. २०१५ साली ती दुकाने हटविण्यात आली. विक्रेत्यांना आपला जम बसलेला धंदा उचलून दुसरीकडे न्यावा लागला. ते काही सोपे नव्हते. कालवा स्वच्छ करून त्याच्या दोन्ही काठांवर फरसबंद वाटा केल्या आणि २०२० साली त्या लोकांना खुल्या झाल्या. मोजकी दुकाने जाऊन त्या जागी साऱ्या नगराला फिरण्याची वाट मिळाली. एकाची सोय आणि सर्वांचे हित यांचा मेळ घालणे किती कठीण असते, हे या कालव्याच्या काठी उभे राहिले म्हणजे समजते.

थाई लोकांचे दोन मोठे सण पाण्याचेच आहेत. १३ एप्रिलला ‘सोंगक्रान’ हा त्यांचा पारंपरिक नववर्षाचा सण येतो. हा शब्द ‘संक्रांती’ या शब्दापासून झालेला आहे. त्या दिवशी लहान मुले वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून त्यांचा आशीर्वाद घेतात आणि मग रस्तोरस्ती एकमेकांना भिजविण्याचा खेळ रंगतो. दुसरा सण ‘लॉय क्राथोंग’. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळा उजळतात. साधारण त्याच पौर्णिमेस बँकॉकमध्ये केळीच्या खोडाच्या चकतीवर पाने-फुले, मेणबत्ती आणि उदबत्ती लावून तो द्रोण पाण्यात सोडतात. या वेळी ज्या जलदेवतेची प्रार्थना करतात, तिला ते गंगामाताच म्हणतात. “वर्षभर आम्ही तुझे पाणी वापरले, ते मळविले, त्याची क्षमा असावी,” असा त्या प्रार्थनेचा भाव असतो.

परंतु लाखो द्रोण पाण्यात सोडले की पाणी पुन्हा मळणारच! २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी नगरपालिकेच्या सेवकांनी त्या एका रात्रीत पाच लाखांहून अधिक द्रोण पाण्यातून बाहेर काढले. लोक घरी जाऊन झोपतात, तेव्हा हे सेवक नावांत उभे राहून विझलेले दिवे गोळा करीत असतात. पूर्वी पुष्कळ द्रोण न कुजणाऱ्या कृत्रिम फेसाचे असत. नगरपालिकेने वारंवार सांगितले आणि शहाण्या नागरिकांनी ते ऐकले. त्यामुळे आता बहुतेक द्रोण केळीच्या खोडाचे आणि पानांचे असतात. घरातील प्रत्येकाने एकेक द्रोण सोडण्याऐवजी साऱ्या कुटुंबाने मिळून एकच सोडावा, असेही तेथे आवर्जून सांगितले जाते.

ज्या नगरीने एके काळी सोयीसाठी पाणी बुजविले, तीच आज पाण्याला पुन्हा जागा करून देत आहे. राजवाड्याची सुवर्णशिखरे पाहून प्रवाशाचे डोळे दिपतात. परंतु नदीकाठचा वारा, उद्यानातील सावली, मैदानावरचे आकाश आणि कालव्याकाठची वाट ही खरी सर्वांची संपत्ती आहे. ती राजालाही लाभते आणि रंकालाही. मात्र जी संपत्ती सर्वांची, तिची राखणही सर्वांनीच करावी लागते. पौर्णिमेच्या रात्री आपल्या कुटुंबासाठी एकच लहानसा, केळीच्या पानांचा द्रोण पाण्यात सोडणारे बँकॉकमधील मूल त्या राखणीतील आपला वाटा उचलीत असते.

अभ्यास

१. बँकॉकच्या सखल जमिनीचा तेथील लोकांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला आहे?

२. तिसऱ्या रामाने मंदिराच्या भिंतींवर ज्ञान का कोरविले असावे?

३. आपल्याकडील पतंगांचा खेळ आणि थाई लोकांचा पतंगांचा खेळ यांतील फरक सांगा.

४. कालवे बुजविल्यामुळे शहराचा कोणता लाभ झाला व कोणती हानी झाली?

५. ओंग आंग कालव्यावरील दुकाने हटविणे योग्य होते काय? विक्रेते व नागरिक या दोघांच्याही बाजूने विचार करून पाच-सहा वाक्ये लिहा.

६. पाठात आलेले, संस्कृत किंवा पाली भाषेतून थाई भाषेत गेलेले शब्द व नावे शोधून त्यांची यादी करा.

७. तुमच्या गावातील नदी, ओढा, तळे किंवा विहीर यांपैकी एकीची पूर्वीची व आजची स्थिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.